वजन काही उतरेना

पळून वजन उतरतं का, असं ऑफिसातली तरुण मुलं मला मोठ्या हौसेने विचारतात. मी नाही म्हणतो आणि विषय बदलतो. साउथहॅम्प्टनमध्ये त्या एका वर्षात मी जेवढा पळालो, तेवढा उभ्या आयुष्यात कधी पळालो नव्हतो.

बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा बसने हॉस्पिटलला जायचं, डायलिसिस करून घ्यायचं आणि घरी येऊन आडवं पडायचं, एवढंच तिचं आयुष्य उरलं होतं. माझा रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्याही ठीक निघाल्या. अडलं ते माझ्या पोटापाशी. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढणं धोक्याचं आहे, आधी वजन उतरवा. पुण्यात ज्या पोटाचं सासरी कौतुक व्हायचं, तेच इथे आडवं आलं.

मग रोज सकाळी उजाडायच्या आत पार्कात पळायचं. इथला हिवाळ्यातला पाऊस धड पडत नाही आणि थांबतही नाही. ओल्या पानांवरून घसरत, धापा टाकत मी पळायचो. सत्तरीचे एक गोरे आजोबा मला सहज मागे टाकायचे आणि वर ‘वेल डन’ म्हणायचे. माझं डोकं फिरायचं.

घरी आलो की गरम नाश्ता तयार. तिला बटाटा बंद, टोमॅटो बंद, केळं बंद, पाणीसुद्धा घोटाघोटाने. ते सगळं ती मला करून घालायची आणि समोर बसून मी खाताना बघायची. ‘पळून आलात, दोन घास जास्त जाऊ देत,’ म्हणायची. तिच्या तोंडचं गेलेलं निदान मी चवीने खावं, एवढंच तिला हवं असेल, असं मला वाटे. नको म्हणवत नसे.

वजनकाट्यावर मात्र ये रे माझ्या मागल्या. थोडं उतरे, पुढच्या खेपेला परत तिथेच. शेवटी नर्स म्हणाली, नुसतं पळून भागत नाही, खाण्याकडेही बघा. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, उद्यापासून सगळं बिनतेलाचं. ती बरं म्हणाली.

फेब्रुवारीत एकदा पोटरीत गोळा आला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो आणि मागच्या दाराने आत शिरलो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. माझ्या उपम्यात तूप ओतत होती. एक डाव, मग आणखी एक. मग नीट कालवून तिने वर कोथिंबीर पेरली.

मी ओरडलो. एवढा घाम गाळतोय तो कोणासाठी, असं काहीबाही बोललो. तिने गॅस बंद केला.

‘मला तुमची किडनी नकोय,’ ती म्हणाली. ‘तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?’

‘अगं, पण का नको?’

‘पोरगी आठ वर्षांची आहे. तिला एक तरी माणूस धड राहू दे. माझं नाव वेटिंग लिस्टवर आहे ना, मिळेल कोणाची तरी.’

दुसऱ्या दिवसापासून माझा नाश्ता मीच करू लागलो. कोरडा टोस्ट आणि बिनसाखरेचा चहा. ती नुसती समोर बसायची. काटा हळूहळू खाली यायला लागला. जूनमध्ये तिला इन्फेक्शन झालं आणि त्यातच ती गेली. वजन तेव्हा अजून थोडं उतरायचं होतं.

मला तिचा अजूनही राग येतो. तिचं चुकलं, असं मात्र म्हणवत नाही.

त्यानंतर मी पळालो नाही. मुलीसाठी भात टाकायचो, त्यातलाच घासभर खायचो. थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी आंघोळीआधी सवयीने काट्यावर उभा राहिलो. काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्याही खाली गेला होता.

‘अगं, उतरलं बघ,’ असं म्हणत मी बाथरूमचं दार उघडलंसुद्धा.