गाडीच्या पायांवर पाणी

ब्रेकवर पाय ठेवला की आप्पांची गाडी थरथरायची. आधी स्टिअरिंग, मग सगळी पुढची बाजू, आणि मग शेजारी बसलेली मी, दातांसकट. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापडाच्या लूमवरचं काम सोडून ही म्हातारी मोटार घेतली होती आणि सुरतेत पर्वत पाटिया ते कामरेज अशा भाड्याच्या फेऱ्या मारत होते. मी कामरेजला एका शाळेत शिकवायची, आणि संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून घरी यायची.

गाडी थरथरते याचं मला काही वाटलं नसतं. तिचा हॉर्न सोडून सगळंच वाजायचं. पण आप्पा गप्प झाले होते, आणि एरवी आमच्या घरात त्यांच्यापुढे कुणाला बोलायला मिळत नसे. एकदा कामरेजच्या चौकात गाडी थांबवताना त्यांनी ब्रेकवरच्या आपल्या पायाकडे बघत हळूच विचारलं, "पोरी, गाडी थरथरस का मना पाय?"

आजोबांना कंपवात होता. त्यांचा चहा कपातून बशीत आणि बशीतून धोतरावर जायचा. सुरुवात पायापासून झाली होती, असं माय सांगायची. आप्पांनाही तेच निघालं तर गाडी सुटली, आणि लूमवर त्यांना परत कुणी उभं केलं नसतं. "गाडीच थरथरस, आप्पा," मी ठासून सांगितलं. मला तरी काय माहीत होतं!

पर्वत पाटियाच्या मिस्त्रीने आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं. मग ब्रेकचे लायनर बदलले. फरक शून्य. नुसती चालताना गाडी शहाण्यासारखी चालते, फक्त ब्रेक मारल्यावर हलते, मग यात चाकाचा काय दोष, असं मी त्याला सांगून पाहिलं. त्याने मला पंख्याखाली बसायला सांगितलं.

खरं तर मिस्त्रीने स्वतः गाडी चालवून बघायची, की झालं. पण आप्पा किल्लीच देईनात. त्याच्या पायाखाली गाडी थरथरली नाही तर काय, ही त्यांची धास्ती. मला ते कळत होतं आणि रागही येत होता. धास्तीने गप्प बसलेला बाप बघवत नाही. शेवटी मीच त्यांच्या खिशातून किल्ली काढली आणि मिस्त्रीच्या हातात ठेवली.

मिस्त्रीने वेग घेऊन ब्रेक मारला. गाडी थाडथाड हलली. "आ तो बहु ध्रूजे छे!" तो गुजरातीत ओरडला, ही तर फारच थरथरते. मागच्या सीटवर आप्पा मांडीवर थाप मारून हसले. मग मिस्त्रीने ब्रेकला पाय न लावता, नुसता हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी थांबवली. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. गाडी गुमान उभी राहिली. म्हणजे दोष पुढच्या ड्रममध्ये होता. ड्रम हे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, त्याला आतून लायनर घासतात तेव्हा गाडी थांबते. उघडून बघितलं तर त्याची गोलाई बिघडली होती. ड्रम लेथवर घासून आणले आणि गाडी सुतासारखी सरळ झाली.

थोड्या दिवसांनी थरथर परत आली. आप्पाही परत गप्प.

मग एका संध्याकाळी दारात उतरताना माझी चप्पल सीटखाली गेली. ती शोधायला वाकले होते म्हणून कान पुढच्या चाकाजवळ होता. माय तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिने पुढच्या चाकांवर पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ निघाली. हे ती रोज करायची आणि मी रोज बघायची. खानदेशात आमच्याकडे बैल शेतातून घरी आले की त्यांच्या पायांवर पाणी घालायचे. सुरतेत बैल नव्हते, म्हणून मायने ती रीत गाडीला लावली होती. दिवसभर ब्रेक मारून तव्यासारखे तापलेले ड्रम, आणि वर गार पाणी!

"माय, तूच वाकडा करी राह्यनी ड्रम!"

तिचा चेहरा उतरला. "इतल्या लांबथीन येस ती. तिना पाय तपतस ना."

मिस्त्रीने मान डोलावली, पाणीच नडलं म्हणाला. आप्पा रागावले नाहीत, उलट खुशीत आले. दोष सापडला होता आणि तो बायकोच्या तांब्यात होता. "आते गाडीले पानी नही," त्यांनी जाहीर केलं. दुसरे ड्रम बसवले. गाडी ब्रेक मारला तरी हूं की चूं करेना. आप्पा पुन्हा इतके बोलायला लागले की मी खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची.

मायचा तांब्या मात्र सवयीने बाहेर यायचा आणि भरलेलाच आत जायचा. शेवटी तिला राहवेना. "मंग तुमना पायवर टाकसू," ती म्हणाली.

"मी काय बैल शे?" म्हणत आप्पा हसत ओट्यावर टेकले आणि त्यांनी पँट वर ओढली. मायने डाव्या पायावर पाणी घातलं. मग उजव्या, ब्रेकच्या पायावर. धूळ चोळता चोळता तिचा हात थांबला. तिच्या तळव्यात तो पाय थरथरत होता. गाडी समोर बंद उभी होती.

"दमी गया व्हई," माय म्हणाली.

आप्पा माझ्याकडे बघत होते. "पोरी," ते खिशातली किल्ली काढत म्हणाले, "आते किल्ली कोनले देवानी?"

माय पाय सोडत नव्हती. तांब्यातलं पाणी संपलं होतं, म्हणून मी आत जाऊन आणखी आणलं.