शिदोरी परत आली

जर्मनी कुठं आहे ते मला आजही नकाशावर दाखवता येणार नाही. मी तिसरी शिकलेला माणूस. आमच्याकडं जर्मन म्हटलं की ॲल्युमिनचं पातेलं. अंबडला मास्तर असलेल्या माझ्या पोरानं सांगितलं, की जर्मनीची एक मुलगी मराठी शिकायला येणार आहे, सहा महिने आपल्या घरी राहील. तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "हलकी असंल मंग. जल्दी तापत असंल." आम्ही हसलो ते तेवढंच. मला ही भानगड नको होती. पण औरंगाबादच्या कुठल्या कॉलेजाला पोरानं मला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं. घराचा शब्द गेला म्हटल्यावर मागं घेणारा मी नाही.

ही नव्वदच्या पुढची गोष्ट. आमचं गाव शहागडपासून कोसभर, गोदावरीच्या अंगाला. जेठ लागताना ती आली. उंच, पाठीवर पोतं असावं तशी पिशवी. वाकून म्हणाली, "मी आपल्या कुटुंबात राहू इच्छिते." मंडळीनं माझ्याकडं बघितलं. ही मराठीच आहे का, असं तिला विचारायचं होतं.

तिला लेकीची खोली दिली. आमची एकुलती लेक टेंभुर्णीला दिलेली. ती चार वर्षांत घरी आली नव्हती, म्हणून खोली रिकामीच होती. ती का आली नव्हती ते पुढं येईल.

पहिला महिना त्या पोरीचे फार हाल झाले. पहाटे बायका डबा घेऊन रानात जात, तिलाही सोबत नेत. सगळ्या एका ओळीत बसून गप्पा मारणाऱ्या. ती त्या उठायची वाट बघे आणि बायका तिच्यासाठी थांबत, एकटीला कसं सोडायचं म्हणून. दोन्हीकडून माणुसकीच, पण पोरीचं पोट फुगलं. मंडळीनं मला हे आडून आडून सांगितलं. मी घरामागं तुरीच्या तुऱ्हाट्यांच्या तट्ट्यांचा आडोसा करून दिला आणि त्यावर कुणाशी बोललो नाही.

जेवणाचंही तसंच. ती "पुरे" म्हणे आणि मंडळी आणखी भाकर वाढे. आमच्यात पहिल्या पुरेला कोण विचारतो? तिला वाटे हा हुकूमच आहे, खावंच लागतंय. आठ दिवसांत आजारी पडली. मंग शेजारणीनं तिला शिकवलं, नको असलं की ताटावर हात आडवा धरायचा.

सगळ्यात मोठा घोळ दाराचा. दुपारी ती खोलीचं दार लावून बसे. आमच्याकडं दिवसा दार लागतं ते बाळंतिणीचं नाहीतर दुखणेकऱ्याचं. बायका विचारायला येऊ लागल्या, काय झालं पाहुणीला? एकटी आहे म्हणून मंडळी दार ढकलून आत जाऊन बसे, शेंगा फोडत. तिला एकटंच राहायचं असे. एकदा ओसरीवर मला तिचं रडणं ऐकू आलं. पोराला निरोप धाडावा, घेऊन जा म्हणावं, असं दहादा मनात आलं. पण मंग गाव म्हणालं असतं, ह्याला पोरगी सांभाळता आली नाही.

हळूहळू ती रुळली. चुलीपाशी बसून थापायला शिकली. पहिल्या भाकरी म्हशीनं खाल्ल्या, पुढच्या मी खाल्ल्या. "करून राह्यले", "गेल्ते" असं बोलू लागली. पण जेवण झालं की ती आपलं ताट उचलायला जाई आणि मंडळी हातातून ओढून घेई. पाहुण्यानं खरकटं उचलायचं नसतं. रोजची ओढाताण.

एक दिवस मी पारावर बसलो होतो आणि ती गिरणीतून पिठाचा डबा कमरेवर घेऊन येत होती. पारावरच्या एका वाह्यातानं विचारलं, "दादा, गोरी पाहुणी भाडं किती देती?"

मी म्हणालो, "पाहुणी कोण? लेक हाय माझी."

पारावर दहा माणसं होती. तिनं ऐकलं. त्या रात्री तिनं ताट उचललं आणि मंडळीनं हात घातला तर म्हणाली, "मी पाहुणी न्हाई, माय. बाबा म्हणाले." मंडळीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या दिवसापासून ती आपलं ताट घासू लागली, माझंही.

श्रावण तोंडावर आला. आमच्याकडं पंचमी लेकींची. गावातल्या लेकी एक एक करून येऊ लागल्या, लिंबाला झोके बांधले. लेक सासरहून येते ती आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस मुराळी म्हणून जातं, शिदोरी घेऊन. सासरचे शिदोरी सोडतात, चार घरी वाटतात आणि सून पाठवतात. त्यांनी शिदोरी सोडली म्हणजे हो म्हटलं.

आमच्या घरून चार वर्षं मुराळी गेला नव्हता. नातीच्या बारशाला व्याह्यानं सगळ्यांना टोपी-उपरणं केलं आणि मला विसरला. विसरला असं तो म्हणतो. मी ताटावरून उठून आलो आणि सांगितलं, माझ्या घरचं माणूस ह्या दारात पाय ठेवणार नाही. पोरालाही शपथ घातली. लेकीला यायचं तर येऊ द्या, मी कुठं अडवलंय? व्याही म्हणाला, मुराळ्याशिवाय आमची सून उंबरा ओलांडत नाही. तो त्याच्या रीतीला धरून, मी माझ्या शब्दाला. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आता म्हातारपणी वाटावं अशी लोकांची फार इच्छा आहे. असो.

मंडळी ह्यावर बोलायची नाही. पंचमी आली की झोक्याकडं पाठ करून बसे, इतकंच. त्या साली ते त्या पोरीनं बघितलं आणि विचारलं. चुलीपाशी दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मी तिथं जाताच गप्प झाल्या.

दोन दिवसांनी पोरगी म्हणाली, जालन्याला जाऊन येते, कॉलेजाचं काम आहे. सकाळच्या बसला गेली. मंडळीनं फडक्यात काहीतरी बांधून दिलं. मला वाटलं वाटेतला फराळ. एका माणसाला एवढे लाडू कशाला, हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना ती परत आली. कपाळाला हळदी-कुंकू, हातात खणाचा कपडा. आणि दुसऱ्या हातात तेच फडकं, तीच गाठ. ती मंडळीच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "त्यांनी सोडली न्हाई."

ती टेंभुर्णीला गेल्ती. बसस्टँडावर विचारत विचारत व्याह्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी मुराळी आले, ताईला पंचमीला न्यायला. त्यांनी तिला पाट मांडून जेवू घातलं, गावातल्या बायका बघायला आल्या, रात्रभर ठेवून घेतलं. पण शिदोरीला हात लावला नाही. व्याही म्हणाला, पाहुणी म्हणून दहादा ये, मुराळी मात्र घरचं माणूस असतं.

माझ्या डोक्यात आग गेली. सून नाही पाठवली ते वेगळं, पण शिदोरी परत येणं म्हणजे तोंडावर दार लावणं. चार वर्षं मी त्याच्या दारात गेलो नाही आणि हिनं जाऊन माझी मान खाली केली. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं?

ती म्हणाली, "तुम्हीच म्हणाले, लेक हाय. लेक बहिणीला आणायला जाऊ शकत न्हाई का?"

मी म्हणालो, "तसं म्हणायची रीत असती."

"म्हणजे ते खोटं होतं?"

मी उठून म्हशीला वैरण टाकायला गेलो. त्या रात्री जेवण झालं तेव्हा ती उठली, हात धुतला आणि ताट तिथंच ठेवून खोलीत गेली. मंडळी ताट उचलू लागली. मी विचारलं, काय झालं तिला? मंडळी म्हणाली, "काय होणार? पाहुणी हाय ना ती."

दुसऱ्या दिवशीही तसंच. पाट मांडायची वाट बघे, वाढलेलं खाई, ताटावर हात आडवा धरी, ताट तिथंच. दार पुन्हा लागू लागलं. भांडली असती तर मी दोन शब्दांत गप्प केली असती. पण घरात पाहुणी पाहुण्यासारखी वागते ह्यात तक्रार काय करायची? माझं ताटही आता मंडळी घाशी. तिसऱ्या दिवशी पारावर त्याच वाह्यातानं विचारलं, "दादा, तुमच्या लेकीला टेंभुर्णीकरांनी पाहुणी ठरवली म्हणं?"

गावात मी एखादी गोष्ट आहे म्हणावं आणि दुसऱ्या तालुक्यातल्या माणसानं ती नाही म्हणून परत धाडावी, हे मला सोसवलं नाही. सकाळी टोपी घातली आणि मंडळीला म्हणालो, जाऊन जाब विचारतो. तिनं नवी शिदोरी पुढं केली, बांधूनच ठेवलेली. मी ती घेतली. मुराळी म्हणून नाही. बाईमाणसानं पहाटे उठून केलेलं टाकून कसं जायचं?

अंबड, जालना, मंग टेंभुर्णीची बस. व्याही ओसरीवर बाजेवर बसला होता.

"या इवाई. वाट चुकलात का?"

"वाट बराबर हाय. माझ्या लेकीनं आणलेली शिदोरी तुम्ही न सोडता धाडली. का, ते सांगा."

"ती तुमची लेक? इतकी गोरी?"

"तुमच्या म्हशीला पांढरं रेडकू झालं तर रानात सोडून येता का?"

दाराआडून बायकांचं हसू आलं. व्याही हसला नाही. बाजेवरून पुढं वाकून म्हणाला, "ती लेक हाय, असं तुम्ही सांगून राह्यले ना? तुमच्या तोंडानं?"

"सांगून राह्यलो."

मांडीवरचं फडकं मी विसरलो होतो. विहीणबाई बाहेर आल्या, त्यांनी ते उचललं आणि माझ्या देखत गाठ सोडली. लाडू मोजून घरोघर धाडले. व्याह्यानं आतून उपरणं मागवलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. लेक पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी आधीच भरलेली होती. म्हणाली, "चला बाबा, बस निघंल." नात तिच्यामागं लपली. तिनं मला ओळखायचं कारणच नव्हतं.

व्याही आजही सांगतो की मी मुराळी होऊन आलो. मी म्हणतो, जाब विचारायला गेलो. मी न्यायला आलो म्हणायच्या आधी शिदोरी कुणी सोडली ते विचारा.

घरी मंडळीनं दारात लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती पोरगी मागं भिंतीला टेकून उभी होती. रात्री जेवणं झाली. लेक उठली, तिनं आपलं ताट उचललं. मंग दुसरी उठली आणि आपलं अन् माझं घेऊन गेली.

कार्तिकात ती निघाली. तिचे आई-बाप एकमेकांपासून वेगळे राहतात, हे तिनं पूर्वी सांगितलं होतं. जालन्याच्या स्टेशनावर मी विचारलं, तिकडं न्यायला कोण येईल? म्हणाली, कुणी नाही. "आमच्याकडं न्यायची रीतच न्हाई, बाबा. ज्याचं त्यानं जायचं. बाप दोन तासांवर राहतो. दोन वर्षं गेले न्हाई."

मंडळीनं दिलेली शिदोरी तिच्या हातात होती. मी म्हणालो, ही बापाच्या दारात न्यायची. तो सोडतो का बघायचं.

तिनं हो म्हणून मान हलवली. गाडी लागली. पुढं तिची दोन-तीन पत्रं आली, पोरानं वाचून दाखवली. त्यात थंडी होती, परीक्षा होती, म्हशीची चौकशी होती. शिदोरीचं काही नव्हतं. मी पोराला पुन्हा वाचायला लावलं. तो म्हणाला, बाबा, लिहिलंच नाही तर मी कुठून वाचू?