भरेल शे

मला बंदुकीची भीती वाटते. पूर्वी वाटत नव्हती. टीव्हीवर जुन्या काळातला सिनेमा लागला आणि कोणी बंदूक खांद्याला लावली की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि आवाज होऊन जाईपर्यंत ओट्याला धरून उभी राहते. घरातल्यांना वाटतं, बाईंना सिनेमातल्या चुका सहन होत नाहीत. वाटू दे.

तसं वाटायला कारणही आहे. सगळी नोकरी मी तापीकाठच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात घालवली. स्वभाव पहिल्यापासून चुका काढण्याचा. कंपनी सरकारचा शिपाई मागून काडतूस घालायची रायफल घेऊन धावताना दिसला की मी थिएटरात मोठ्याने म्हणायची, "अरे, ती यायची आहे अजून!" पुढच्या रांगेतले वळून बघायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही.

तर सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आटोपली आणि कोणी सिनेमावाले आमच्या गावाशेजारी नदीच्या वाळूत येऊन उतरले. सातपुड्यातल्या भिल्लांनी कंपनी सरकारविरुद्ध केलेल्या उठावाची गोष्ट होती. घोडे यात्रेतूनच भाड्याने घेतलेले. भिल्ल नाईकाचं काम करायला त्यांनी काठी गावाकडच्या एका आश्रमशाळेतला शिक्षक निवडला, आणि तो निघाला माझाच जुना विद्यार्थी. त्यानेच त्यांना सांगितलं, बंदुकांचं काही विचारायचं असेल तर आमच्या बाईंना विचारा.

मी गेले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या सगळ्या बंदुका नापास केल्या. दिग्दर्शक म्हणाले, "लांबून कोणाला कळत नाही, मॅडम." लांबच्यांचं मी सोडलं. पण एक प्रसंग जवळून घ्यायचा होता. शिपाई दहा पावलांवरून नाईकावर बंदूक रोखतो, चाप ओढतो, आणि बार उडतच नाही. तिथे नळीच्या तोंडातून दारू ठासायची, टोपीची बंदूकच हवी, असा मी हट्ट धरला. आणि तशी बंदूक आमच्या घरात होती.

माझे मोठे दीर, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, ते मळ्यात राहतात. केळीत आणि उसात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ती कंपनीच्या काळातली नाही, पण घडण तीच. परवाना पिकाच्या राखणीचा आहे, सिनेमाचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी आबांना फोन केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकांची सहायक मुलगी जीप घेऊन मळ्यात गेली. मुलगी पुण्याची, चुणचुणीत. तासाभराने पोत्यात गुंडाळलेली बंदूक आणि बाराला ठिणगी देणाऱ्या टोप्यांची डबी घेऊन आली. दारू ठासायचं मी कॅमेऱ्यासमोर दाखवणार होते, म्हणून मी तिला आबांना विचारायला सांगितलं होतं की बंदूक अजून भरता येते का.

"विचारलंत?" मी म्हटलं.

"हो. आबा म्हणाले, भरेल. आणि जपून न्या म्हणाले."

म्हणजे भरता येईल. मी मान डोलावली.

इथे मला थांबून सांगायला हवं. आमच्या घरात अहिराणी बोलतात. मीही तीच बोलत मोठी झाले. पण शाळेत मी ती मुलांच्या तोंडून काढून टाकायचा विडाच उचलला होता. कोणी "पाणी भरेल शे" म्हटलं की मी फळ्यावर लिहायची, 'पाणी भरलेले आहे', आणि म्हणायची, "भरेल म्हणजे पुढे कधीतरी. झालेल्याला भरेल म्हणत नाहीत." असं इतकी वर्षं घोकून घेतलं की माझाच कान बदलला. त्या मुलीच्या तोंडून 'भरेल' आलं आणि मला ते पुस्तकातल्यासारखं ऐकू आलं.

नळीत गज सोडून बघायला अर्धं मिनिट लागतं. गज तळाला गेला तर बंदूक रिकामी, चार बोटं वर राहिला तर आत बार आहे. हे मला पाठ होतं. मी ते केलं नाही. आधी नेम धरायचा प्रसंग उरकू, ठासायचं दुपारी, असं ठरलं होतं, आणि रिकामी बंदूक तपासायची कशाला, असं मला वाटलं असावं. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. मी शिपाई झालेल्या नटाला बंदूक कशी धरायची ते शिकवण्यात रंगून गेले होते.

तालीम झाली. चाप ओढला, बंदुकीचा घोडा पडला, खट्ट आवाज आला. सगळे खूश. मी खूश नव्हते. घोड्याखाली टोपी नव्हती. "टोपीशिवाय घोडा पडतो कशावर?" मी म्हटलं. "जवळून घेताय ना? जाणकार हसतील. नुसत्या टोपीने फक्त ठिणगी उडते, बाकी काही होत नाही." डबी उघडून मी तांब्याची एक टोपी घेतली आणि माझ्या हाताने दाबून बसवली.

समोर माझा विद्यार्थी वाळूत उभा होता, कमरेला धडपा, हात मागे बांधलेले. तो हसून म्हणाला, "बाई, बंदूक तरी बरोबर आहे ना? नाहीतर मला इथेच अंगठे धरायला लावाल."

"एकदम बरोबर आहे," मी म्हटलं.

मी मागे येऊन छत्रीच्या सावलीत उभी राहिले. शेजारी गावातला चहावाला होता. शांत राहा म्हणून ओरडा झाला, तसा तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "मॅडम, थर्मास भरेल शे. देऊ का?"

मी नको म्हणणार होते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. थर्मास भरेल शे. भरलेला आहे. आबांना दुसरी भाषाच येत नाही. त्या मुलीने विचारलं असेल, आणि आबांनी सांगितलं असेल, भरेल शे, संभाळीसन लई जा. 'शे' तिच्या कानाला निरर्थक लागला असेल, तो तिने सोडून दिला. ठासणीची बंदूक एकदा भरली की उडवूनच रिकामी करावी लागते. मळ्यात दावणीच्या म्हशींजवळ आबा ती कशाला उडवतील? नदीवर उडवतील, आपल्या मास्तरीण बाईंना कळतं, असं ते धरून चालले असणार.

शिपाई झालेल्या नटाने बंदूक खांद्याला लावली होती. मी शिकवलं होतं अगदी तसंच, गाल दस्त्याला टेकवून, नेम छातीवर. घोडा मागे ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पुढे मी जे ओरडले ते शाळेतलं मराठी नव्हतं.

"बंदूक भरेल शे! भरेल शे रे, खाले पड!"

सिनेमावाल्यांतल्या एकालाही कळलं नाही. नटाला वाटलं, हा प्रसंगातलाच गलका असेल. पण माझ्या विद्यार्थ्याला कळलं. घरची भाषा त्याची पावरी, पण आमच्या बाजारात वाढलेला. हात बांधलेले असताना त्याने स्वतःला तोंडावर झोकून दिलं आणि त्याच क्षणी बार उडाला.

तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. घोडे उधळले. पांढरा धूर इतका झाला की समोर माणूस आहे की नाही ते दिसेना. मागच्या टेकाडावरची वाळू छर्ऱ्यांनी उडालेली तेवढी दिसली. आणि धुरातच कोणीतरी टाळी वाजवली. त्यांना ते ठरलेलंच वाटलं होतं.

मी धावले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. तो पालथा पडला होता आणि हलत नव्हता. "अरे, बोल रे," मी म्हणत होते, "बोल काहीतरी." त्याचं नाव मला आठवेना. पाच वर्षं हजेरीत घेतलेलं नाव.

मग त्याने मान वळवली. तोंडात वाळू होती, ती थुंकली. कुठे लागलं नव्हतं. कोणीतरी हात सोडले. तो उठून बसला. नट बाजूला बंदूक टाकून मटकन खाली बसला होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "मला रिकामी म्हणून दिली, मला रिकामी म्हणून दिली."

"टोपी कोणी बसवली?" माझ्या विद्यार्थ्याने विचारलं.

ती पुण्याची मुलगी रडायला लागली होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

"मी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या खांद्यावरची वाळू झटकायला मी हात पुढे केला, तसा तो बसल्या जागीच मागे सरला. मुद्दाम नाही, आपोआप. माझ्या वर्गात तो कधी मला भ्याला नव्हता.