मधली पट्टी

संशोधन केंद्रात सगळे तिला करवतमावशी म्हणत. सुताराची लेक, वडिलांच्या दुकानात फळ्या चिरून हात बसलेला, त्या जोरावर नोकरी लागली. दक्षिण ध्रुवाजवळ तीन देशांनी मिळून खोल भोक पाडायचं, त्यातून निघालेली बर्फाची लांब कांडी इथं यायची, आणि उणे पंचवीस अंशांच्या खोलीत मावशीनं ती यंत्राच्या करवतीवर उभी चिरायची. त्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली. करवत केसभर हलली तरी नमुना वाया जायचा.

एका वर्षी सगळ्यात खोलची कांडी आली आणि जुंपली. तीन पट्ट्या करायला तिन्ही देश राजी. पण मधली पट्टी सगळ्यात स्वच्छ, ती प्रत्येकालाच हवी. तिघं प्रमुख दोन दिवस उबदार सभागृहात कॉफी पीत, गोड बोलत एकमेकांना चिमटे काढत होते. दाराशी बसलेल्या मावशीनं ताडलं, ऊब आहे तोवर ही मंडळी हलायची नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती साळसूदपणे म्हणाली, "कांडी एकदा डोळ्यांनी बघून तर घ्या."

तिघं कोट चढवून गार खोलीत आले. मावशीनं दार ओढून घेतलं.

"करवत जुळवायला जरा वेळ लागेल. तोवर चालू द्या तुमचं."

आणि ती एकेक स्क्रू सावकाश पिळत बसली. पाच मिनिटांत बोलण्यातलं 'आदरणीय सहकारी' गळालं. दहा मिनिटांत एका साहेबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. दुसरे जागच्या जागी पाय आपटू लागले. शेवटी तिसऱ्या देशाच्या बाई दात वाजवत म्हणाल्या, "मधली कुणीच न्यायची नाही. इथंच ठेवू. तिघांची माणसं येऊन एकत्र तपासतील."

"मान्य," मिशा म्हणाल्या.

"मान्य. आता दार उघडा," पाय आपटणारे म्हणाले.

"आधी लिहून द्या," मावशी म्हणाली. पेनांतली शाई गोठली होती. तिनं कानामागची पेन्सिल काढून दिली. तीन वाकड्यातिकड्या सह्या झाल्या.

दुपारी बाई हीटरवर हात शेकत बसल्या होत्या. मावशी दिसताच त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांगा, करवत जुळवायला इतका वेळ लागतो?"

"नाही हो. दोन मिनिटं पुरतात."

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आमच्याकडे दुसरी एक बैठक आहे. याल का?"