निळीचं पाणी

माझ्या सासूबाई कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या बीएडचा नाही.

ऐंशी सालाच्या पुढेमागे मी माझ्या शाळेच्या पगारातून कपडे धुवायचं मशीन घेतलं. गल्लीतलं पहिलंच. सासूबाईंनी नाक मुरडलं. "हाताला काय मेंदी लावलीया व्हय?" हे रोजचं. मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते.

ऐन श्रावणात मशीनचा पाणी सोडायचा पाइप मोरीतून सुटला. मी शेजारी गप्पा झोडत होते. येऊन बघते तर माडीभर साबणाचं पाणी, आणि ते फरशीच्या सांध्यांतून मुरत होतं. पोत्यानं भराभरा पुसून काढलं आणि कुणाला चकार शब्द बोलले नाही.

खाली चाचांचं वह्या बांधायचं दुकान. त्यांच्या कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला. दुकानाचा विमा होता, म्हणून कंपनीचे साहेब आले. बाहेरचा पाऊस बघितला, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "ही पावसाची ओल. विम्यात बसत नाही. पाइपाचं पाणी असतं तर बसलं असतं."

चाचा भिजलेले गठ्ठे उलटेपालटे करू लागले. त्यांचं सगळं भांडवल त्या कागदात होतं. मी जिन्यात उभी. बोलले तर सासूबाईंचं खरं होणार, मशीन जाणार, म्हणून गप्प. पोरांना खरं बोलायला शिकवणारी बाई मी. अजून माझी मलाच चीड येते.

सासूबाईंनी माझं वाळत घातलेलं पोतं बघितलं असणार.

"थांबा की पावणं," असं साहेबांना म्हणत त्या दुकानातून वर आल्या, कळशीत नीळ कालवली आणि मशीनखाली ओतली. थोड्या वेळानं चाचांच्या छतातून निळा थेंब साहेबांच्या कागदावर पडला.

सासूबाई खाली येऊन म्हणाल्या, "आमच्यात पाऊस निळा पडतोय व्हय? आमच्या मशीनचा पाइप सुटला हुता. लिवा."

"कुणाच्या हातून?"

"आमच्या घरातनं."

साहेबांनी लिहिलं आणि चाचांना भरपाई मिळाली.

वर येऊन मी बोलणी खायची वाट बघत राहिले. त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि पाइप मोरीच्या नळाला करकचून बांधला. "मशीन चालू असलं की हितनं हलायचं न्हाय," एवढंच म्हणाल्या. मग खुंटीवरचं आपलं नेसायचं लुगडं माझ्या हातात दिलं.

"घे, ह्ये बी टाक."