विसर्जनाचा फोटो

गॅरेजमधल्या बादलीत शाडूची माती विरघळायला लागली की जो गार, ओला वास सुटतो, त्याने माझं डोकं अजून फिरतं. टोरांटोपासून तासाभरावरच्या आमच्या गावात घरामागेच पाणथळ जागा होती. लव्हाळं, बेडूक, लाल खांद्यांचे काळे पक्षी आणि पलीकडे झुडपांचं रान. जवळ नवं रेल्वे स्टेशन होणार असं ठरलं आणि एका बिल्डरने तिथे टाउनहाउससाठी अर्ज टाकला. नगरपालिकेच्या सुनावणीत प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं. मी आठवडाभर खपून स्लाइड्स केल्या आणि शेवटी मोठ्या अभिमानाने विसर्जनाचा फोटो लावला: आमची दहा-बारा मराठी कुटुंबं गुडघाभर पाण्यात, मध्ये गणपती. म्हटलं, बघा, या जागेवर आमचा किती जीव आहे! बिल्डरचा सल्लागार शांतपणे उठला. "थँक यू. म्हणजे रहिवासी स्वतःच दरवर्षी या पाण्यात उतरतात, माती टाकतात. ही जागा नैसर्गिक राहिलेलीच नाही." समोर बसलेल्या नगरसेवकांच्या माना डोलल्या. "अहो, शाडूची मूर्ती ती, विरघळते!" मी ओरडलो, तेही मराठीत. तिथे कुणाला कळणार? बायको दंड धरून म्हणाली, "बस खाली, टाइम संपलाय." अर्ज मंजूर झाला. त्याच हिवाळ्यात, पाणी गोठलेलं असताना, ट्रकांनी भराव टाकला. स्टेशनचा अजून पत्ता नाही. यंदा मूर्ती बादलीत सोडताना मुलीने फोन पुढे धरला, "बाबा, फोटो?" मी तिच्यावर असा खेकसलो की 'मोरया' म्हणणारे सगळे गप्प झाले.