नदीपलीकडच्यांची सद्दी

"किती पाठवू?"

नदीपलीकडच्या संघाची कॅप्टन प्रत्येक सामन्याआधी मैदानाच्या मध्यावर येऊन आमच्या कॅप्टनला एवढंच विचारायची. विचारण्यात कुठेही टोचणी नसायची. आमची कॅप्टन मागे वळून पाहायची, तिला धरून सात जणी भरायच्या, आणि ती म्हणायची, "दोन." मग त्यांच्या बाकावर बसलेल्या दोघी आमची हिरवी जर्सी चढवून आमच्याकडून खेळायच्या आणि आम्ही हरायचो.

खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा. लांबट चेंडू, तो हातात धरून पळता येतं, पायाने मारता येतो, मुठीने ठोसून सोबतिणीला देता येतो. फेकायचा मात्र नाही. चेंडू घेऊन पळणारीला प्रतिस्पर्ध्याने मिठी मारून अडवलं आणि तिला तो सोडता आला नाही, तर चेंडू अडवणारीचा. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला की सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला, किंवा मधल्या खांबाला लागला, तरी एक गुण. तिकडे ऑस्ट्रेलियात अठरा-अठरा जण खेळतात. इथे माणसं मिळत नाहीत म्हणून नऊ-नऊ, आणि मैदानही सॉकरचं, अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या ऑफिसांच्या काचेच्या इमारतींमागचं.

आमची कॅप्टन इथेच जन्मलेली, आईवडील साताऱ्याचे. ती अँब्युलन्सवर काम करायची. कॉलेजात असताना एक वर्ष मेलबर्नला राहून आली आणि हा खेळ सोबत घेऊन आली. संघ तिने उभा केला होता. त्यात मी, माझ्यासारख्या व्हिसावर आलेल्या चौघी आणि दोन अमेरिकन शिक्षिका. पोटोमॅक नदीपलीकडचा संघ मात्र बहुतेक ऑस्ट्रेलियन बायकांचा. चालायला लागल्यापासून त्यांच्या हातात हा चेंडू. त्या हरल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं.

त्यांची सद्दी कधी संपणार, हा सामन्यानंतर गाडीत बसल्या बसल्या आमचा ठरलेला विषय होता.

"त्यांच्या नवऱ्यांची पोस्टिंग संपली की जातील परत," एक जण म्हणायची.

"वय पण होईल ना त्यांचं, यार."

"आपलं काय कमी होतंय?"

मला हे ऐकवत नसे. माझे बाबा नागपूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. गुलाबी कागदांचे गठ्ठे घरी यायचे आणि जेवणं झाली की आम्ही ते घडी करत बसायचो. बाराखडी मी शाळेत शिकले, पण वाचायला त्या कागदांवर शिकले. एखाद्याची सत्ता आपोआप कोसळेल म्हणून वाट बघत बसायचं, हे आमच्या घरात आळशीपणाचं लक्षण मानलं जायचं.

त्या वर्षी मोसम संपत आला तेव्हा नदीपलीकडच्या कॅप्टनने आमच्या कॅप्टनला बाजूला घेतलं. दर वेळी माणसं उसनी घेऊन किती दिवस खेळणार, म्हणाली. पुढच्या वर्षी आमच्यातच या, आम्ही दुसरा संघ काढू. शेवटच्या सामन्यानंतर सांगा.

गाडीत कॅप्टनने ते सांगितलं. मग ती मला म्हणाली, "She's being nice, ताई. आणि नाइन कुठून आणायच्या मी? Every week मी टेक्स्ट करते, every week कुणाचं तरी रिलीज असतं."

खरं होतं ते. आमच्यातल्या तिघी एकाच कंपनीत होत्या, मीही त्यांच्यातली, आणि नव्या प्रणाली चालू करायचं काम, म्हणजे रिलीज, आमच्याकडे शनिवारीच लावलं जायचं. पाळीपाळीने कुणीतरी अडकायचं. पण मला त्या चांगुलपणाचाच राग आला. आम्हाला त्यांनी मारून-झोडून संपवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. त्या आम्हाला प्रेमाने गिळणार होत्या.

मी त्या रविवारी पत्रक लिहिलं. मराठीतच लिहिलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत मला पत्रक लिहिता येत नाही. मथळा दिला: 'ही सद्दी आपणच पोसतो आहोत'. खाली लिहिलं की आपण दर वेळी दोघी उसन्या घेतो, म्हणून त्यांच्या बाकावरच्या बायकांना खेळायला मिळतं आणि त्यांची एकही खेळाडू गंजत नाही. त्या दोघी आपले डावपेच आतून बघतात. आणि आपल्याला उसन्या मिळतात, म्हणून आपण आठवी आणि नववी शोधतच नाही. शनिवारी रिलीज लावणाऱ्यांनाही चार शब्द सुनावले.

बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. ते चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते.

"भाषा बरी आहे. पण मागणी कुठंय?"

"म्हणजे?"

"काऊन गं, मागणी नको का? मागणी नसलेलं पत्रक म्हणजे लग्नाची पत्रिका. लोक वाचतील, जेवायला कधी यायचं ते बघतील."

मग मी शेवटी मागणी घातली: दोन बायका पाहिजेत. खेळ येत नसला तरी चालेल. पळता आलं पाहिजे. शेवटच्या सामन्यात आपण एकही खेळाडू उसनी घेणार नाही.

कागद गुलाबीच घेतला. लायब्ररीत छापून भारतीय किराणा दुकानाच्या फळ्यावर लावला, टिफिन आणि भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींमध्ये. पहिला फोन आला तो मराठी मंडळात लेझीम शिकवणाऱ्या एका मुलीचा. ती लगेच तयार झाली. दुसरं माणूस मला त्या फळ्यासमोरच भेटलं.

आमच्या कंपनीत रिलीजचं वेळापत्रक ज्या ठरवायच्या त्या बाई सांगलीच्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या. ऑफिसात सगळ्यांसारखी मीही त्यांना नावाने हाक मारायची आणि किराणा दुकानात काकू म्हणायची; हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. त्या हातात कोथिंबिरीची जुडी धरून माझं पत्रक वाचत होत्या.

"'शनिवार गिळणारे' म्हणजे मीच ना गं?"

"हो, काकू."

"बरं लिहिलंयस. आता हे सांग, तुमच्या त्या खेळात माणसाला धरायचं असतं म्हणतेस. नुसतं शिवून भागत नाही?"

"नाही. मिठी मारावी लागते."

"मग सोपं आहे की. शिवायला जास्त अक्कल लागते." त्यांनी जुडी पिशवीत टाकली. "मी जिल्ह्याकडून खो-खो खेळलेय. शेवटच्या शनिवारचं रिलीज गुरुवारी घेऊ. मला बूट कुठले घ्यायचे ते पाठव."

सरावाला काकू सलवार-कमीजवर बूट घालून आल्या. त्यांचा वेग पाहून दोघी शिक्षिका पाणी प्यायच्या थांबल्या. अडचण एकच होती. काकू एका दिशेने सुटल्या की वळायच्या नाहीत. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नसतं. टोकाच्या खांबाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने यायचं. तीस वर्षांनंतरही ते त्यांच्या पायांत होतं. चेंडू मागे गेला तरी काकू पुढेच, थेट गोलच्या खांबांपर्यंत, वळसा घालून पलीकडून परत.

कॅप्टन ओरडून ओरडून थकली. "काकू, टर्न! बॉल इकडे आहे!"

"कळतंय गं मला," काकू धापा टाकत म्हणाल्या. "पण फाउल होईल असं वाटतं."

"इथे फाउल नाहीये."

"ते तू माझ्या पायांना सांग."

शेवटच्या सामन्याच्या दिवशी नदीपलीकडची कॅप्टन नेहमीसारखी मैदानाच्या मध्यावर आली. "किती पाठवू?"

आमची कॅप्टन मागे वळली. आमच्यातली एक सुट्टीवर भारतात गेली होती, तरी कॅप्टनला धरून आम्ही नऊ जणी होतो. लेझीमवाली मुलगी, काकू, सगळ्या. कॅप्टनने आम्हाला मोजलं नाही, नुसतं पाहिलं, आणि म्हणाली, "एकही नको."

समोरचीने आमची रांग नजरेने मोजली. मग हसली आणि म्हणाली, छान. मनापासून म्हणाली, हे मी मान्य करते. त्यांच्या बाकावर मात्र त्या दिवशी चार जणी बसून राहिल्या, आणि बसून राहायची त्यांना सवय नव्हती.

सामन्याचे भाग चार; पहिल्या भागात त्यांनी आम्हाला धुतलं. दुसऱ्या भागात आम्ही जरा सावरलो. आमच्या हाका त्यांना कळत नव्हत्या, आणि आमच्यात खेळून त्या हाका ओळखायला लागलेल्या दोघी आज मैदानात नव्हत्या, त्यांच्या बाकावर होत्या. "डावीकडे, डावीकडे, अगं तिला दे" असं चाललं होतं. शिक्षिकांनाही एवढं मराठी तोवर पाठ झालं होतं. तिसऱ्या भागात लेझीमवाली उडी मारून चेंडू झेलताना घोट्यावर पडली.

खेळ थांबला. त्यांची कॅप्टन धावत आली. तिने स्वतः घोट्यावर बर्फ धरला आणि मग आमच्या कॅप्टनला हळूच विचारलं, "एक देऊ?"

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. पत्रक माझं होतं, पण संघ तिचा होता आणि घोटा तिसऱ्याच मुलीचा. मला काय म्हणायचं होतं ते माहीत होतं. ते त्या मुलीच्या वतीने म्हणायचा अधिकार आहे का, ते माहीत नव्हतं. कॅप्टनने घोटा दाबून, फिरवून पाहिला. रोजचंच काम तिचं. "Not broken. मुरगळलाय. पण तू आता पळायचं नाहीस, कळलं?"

"मी गोलजवळ उभी राहते," मुलगी म्हणाली. "नुसती उभी. हात वर करून."

"लंगडी घालता येते ना?" काकूंनी विचारलं.

"बंद करा, काकू," कॅप्टन म्हणाली, पण तिला हसू आलं. मग ती उठली आणि समोरच्या कॅप्टनला म्हणाली, "नको. आम्ही नऊच आहोत."

शेवटच्या भागात आम्ही त्यांना गाठलं. गुण कसे होत गेले ते मला सलग आठवत नाही. आठवतो तो त्यांच्या बाजूच्या आवाजातला बदल. इतके दिवस त्या खेळताना गप्पा मारायच्या. आता एकमेकींवर ओरडत होत्या. "माझा होता तो!" असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला गुलाबी कागदाचा वास आला.

बरोबरी झाली तेव्हा वेळ संपत आली होती. चेंडू त्यांच्या गोलसमोर, उजव्या कडेला, आणि आम्ही सगळ्या तिकडे गर्दी करून. अशा वेळी त्यांचा एक डाव ठरलेला होता: चेंडू मागे द्यायचा आणि तिथून लांब मारून मैदानाच्या दुसऱ्या कडेला रिकाम्या उभ्या असलेल्या बाईकडे पोहोचवायचा. याच डावाने त्यांनी आम्हाला कितीदा तरी हरवलं होतं. चेंडू मागे गेला. आम्ही सगळ्या वळलो आणि त्याच्या मागे धावलो, नेहमीसारख्या चुकीच्या जागी.

काकू वळल्या नाहीत. त्या सरळ गेल्या, गोलच्या खांबांमागून वळसा घालून डाव्या कडेने बाहेर आल्या, आणि चेंडू हवेतून खाली उतरला तेव्हा त्यांच्या रिकाम्या बाईपासून चार पावलांवर होत्या. तिने चेंडू धरला, वळली, आणि समोर काकू. अशी मिठी मी लग्नातही पाहिलेली नाही. पंचांनी शिट्टी वाजवली. चेंडू काकूंचा.

आता काकूंनी गोलवर मारायचा होता. त्यांनी तोवर सरावात एकही गोल केलेला नव्हता. त्या चेंडू हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

"हे तुझ्या पत्रकात नव्हतं गं."

"काकू, चुकला तरी एक मिळतो."

"चुकवणं जमेल मला," त्या म्हणाल्या आणि लाथ मारली.

चेंडू वेडावाकडा फिरत गेला आणि मधल्या खांबाला ठण् करून लागला. एक गुण. नदीपलीकडच्यांनी चेंडू पुन्हा खेळात आणला, तो आमच्या गोलपर्यंत गेला, तिथे लेझीमवाली एका पायावर हात वर करून उभी होती, तिच्या बोटांना लागून चारही खांबांच्या बाहेरून गेला आणि शिट्टी झाली.

आम्ही एकमेकींवर कोसळलो. काकू सगळ्यात खाली होत्या आणि आतून "माझा चष्मा, माझा चष्मा" असं ऐकू येत होतं. नदीपलीकडच्या बायका मैदानावर जिथल्या तिथे उभ्या होत्या. हरल्यावर कुठे जायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही. आनंद झाला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्यांची कॅप्टन आली, हात मिळवले, आणि म्हणाली, "मग पुढच्या वर्षी तुम्ही येत नाही, असंच ना?"

"नाही येत," आमची कॅप्टन म्हणाली. "You can come to us, though. आमच्याकडे बाक रिकामा आहे."

पुढच्या वसंतात बाल्टिमोरहून एक नवा संघ आमच्याशी खेळायला आला. गाड्यांतून उतरल्या त्या सात जणी. त्यांची कॅप्टन संकोचून मैदानाच्या मध्यावर आली. आमच्याकडे आता बारा जणी होत्या, काकूंच्या दोन भाच्या धरून. आमच्या कॅप्टनच्या तोंडात 'किती पाठवू' आलेलं मला दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सात आहात ना?" ती त्यांना म्हणाली. "मग आम्ही पण सात."

काकू बाकावर जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "ये, बस. तुझंच पत्रक आहे, तुला पण भोगायला पाहिजे." मी बसले. तो सामना आम्ही जिंकलो की हरलो, ते विचाराल तर हरलो. आणि बाल्टिमोरच्या त्या सात जणी इतक्या आरडाओरडा करत नाचल्या की काकूंनी बाकावरूनच टाळ्या वाजवल्या.